मजूर-टंचाईच्या ओरडीमागे

कोविडच्या टाळेबंदीपासून देशातील भांडवलदारवर्गाने एक तक्रार सातत्याने चालविली आहे. भांडवल आहे, यंत्रे आहेत, मागणीही आहे, परंतु मजूर मिळत नाहीत, अशी ती तक्रार. प्रथम ती बांधकाम-कंत्राटदारांनी केली. मग कारखानदारांनी आणि धनिक शेतकऱ्यांनी तिची री ओढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रो या बलाढ्य कंपनीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी चेन्नई येथील उद्योजकांच्या मेळाव्यात तिला तात्त्विक रूप दिले. सरकारी कल्याण योजनांमुळे मजूर घरदार सोडून कामावर यावयास राजी नसतात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगा मोडीत काढून जो नवा कायदा संमत केला, त्यात पेरणी व कापणीच्या हंगामात एकूण साठ दिवस रोजगार हमीची कामे बंद ठेवण्याची तरतूद आली. मालकांच्या तक्रारीचे अशा रीतीने कायद्यात रूपांतर झाले. म्हणूनच ही तक्रार मुळापासून तपासणे हे पक्षाच्या प्रत्येक कार्यकर्त्याचे काम ठरते. मजूर खरोखरच कमी पडत आहेत काय? पडत असतील तर कोणाला, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास बंगळूरमधील यशवंतपूरइतकी उद्बोधक जागा क्वचितच सापडेल. येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात नाशिक, अहिल्यानगर, सोलापूरकडचा कांदा येतो आणि हमालांच्या पाठीवरून गोदामात जातो. येथून तुमकूर रस्त्याने थोडे पुढे गेले की पीण्याची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत लागते. सुटे भाग, यंत्रे, तयार कपडे, धातूवर मुलामा देण्याची कामे अशा हजारो लहानमोठ्या कारखान्यांची ती वसाहत आहे. शेजारच्या जालहळ्ळी भागात भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि एचएमटी या सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांनी एके काळी संघटित कामगारवर्गाची एक मजबूत फळी उभी केली होती. आणि या सर्वांच्या मधोमध यशवंतपूरचे रेल्वे स्थानक आहे. हावडा, गोरखपूर, मुझफ्फरपूरकडे जाणाऱ्या गाड्यांनी या स्थानकाचे नाव बंगाल, उत्तर प्रदेश, बिहारच्या खेड्यांत पोहोचविले. २०२२ नंतर त्यांतील काही गाड्या शहराच्या पूर्वेकडील नव्या टर्मिनसकडे वळविण्यात आल्या. पण उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून, आसामातून येणारा माणूस ज्या बाजारपेठेत आपली श्रमशक्ती विकतो, ती बाजारपेठ जागच्या जागीच आहे.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांत ती अंमलात आली. २९ मार्च रोजी गृहमंत्रालयाने आदेश काढला की मालकांनी पूर्ण वेतन द्यावे आणि घरमालकांनी मजुरांकडे महिनाभराचे भाडे मागू नये. कंत्राटी मजुराच्या बाबतीत हा आदेश कागदावरच राहिला. ज्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही, त्याने वेतन मागावे तरी कोणाकडे? मुख्य मालक कंत्राटदाराकडे बोट दाखवी, कंत्राटदार मुकादमाकडे, आणि मुकादमाचा फोन बंद असे. मेच्या मध्यास हा आदेशही मागे घेण्यात आला. पुढे १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेतनाचा प्रश्न मालक व कामगार यांनी आपसांत बोलणी करून सोडवावा असे सुचविले. उपाशी माणूस आणि त्याचा मालक यांच्यातील 'बोलणी' कशी असतात, हे सांगावयास नको.

१ मे २०२०, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार दिनापासून, श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. बंगळूरची पहिली अशी गाडी ३ मे रोजी यशवंतपूरच्या लगतच्या चिक्कबाणावर स्थानकातून सुटली. दोन दिवसांतच, ५ मे रोजी, बांधकाम व्यावसायिकांच्या प्रतिनिधींची तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांच्याशी बैठक झाली. कामे पुन्हा सुरू करावयाची आहेत, मजूर निघून गेले तर ती अडतील, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्याच दिवशी राज्य सरकारच्या अधिकाऱ्याने नैऋत्य रेल्वेला पत्र धाडले की दुसऱ्या दिवसापासून या गाड्यांची आवश्यकता नाही. ज्या मजुरांनी नावे नोंदविली होती, पोलीस ठाण्यांपुढे रांगा लावल्या होत्या, त्यांच्या वाटेत सरकारने आडकाठी घातली. ६ मे रोजी त्याच सरकारने १,६१० कोटी रुपयांच्या मदतीची घोषणा केली. एका हाताने मदत द्यावयाची आणि दुसऱ्या हाताने दार लावून घ्यावयाचे, असा हा प्रकार होता. कामगार संघटना, डावे पक्ष आणि लोकशाहीवादी नागरिक यांनी देशभर एवढा गदारोळ केला की ७ मे रोजी सरकारला माघार घ्यावी लागली आणि गाड्या पुन्हा सोडणे भाग पडले.

या तीन दिवसांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ५ मे रोजी बंगळूरमध्ये मजुरांची टंचाई नव्हती. मजूर शहरातच होते, बांधकामाच्या जागेवरील पत्र्याच्या खोल्यांतच होते. पण गाडी सुटू लागताच त्यांच्यापुढे एक पर्याय उभा राहिला. 'या अटींवर मी काम करणार नाही' असे म्हणण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. मालकांनी टंचाई म्हणून जिची ओरड केली, ती ही शक्यता होय. मार्क्सने 'भांडवल' ग्रंथाच्या पहिल्या खंडातील अखेरच्या प्रकरणात पील नावाच्या एका इंग्रज धनिकाची हकीकत दिली आहे. या गृहस्थाने ऑस्ट्रेलियातील स्वान नदीच्या वसाहतीत पैसा, अवजारे, बी-बियाणे आणि शेकडो मजूरही सोबत नेले. परंतु तेथे जमीन मोकळी असल्यामुळे मजूर त्याला सोडून गेले आणि त्याच्या दिमतीला एकही नोकर उरला नाही. सर्व सामग्री नेली, पण ज्या सामाजिक संबंधांमुळे मजुराला मालकाच्या दारात उभे राहावे लागते, ते संबंध काही त्याला गलबतात भरून नेता आले नाहीत. चिक्कबाणावरची गाडी पाहून बंगळूरच्या बांधकाम व्यावसायिकांना पीलचीच धास्ती वाटली.

साथीच्या काळात मजुरांची संख्या किंवा त्यांची अगतिकता घटली की सत्ताधारी वर्गाने कायद्याचा आणि पोलिसांचा आश्रय घ्यावा, ही रीत जुनी आहे. चौदाव्या शतकात 'काळ्या मृत्यू'ने इंग्लंडची लोकसंख्या निम्म्यावर आणली, तेव्हा १३४९ चा फतवा आणि १३५१ चा मजूर कायदा यांनी साथीपूर्वीचे मजुरीचे दर सक्तीने लादले. हिंदुस्थानात ब्रिटिशांनी १८५९ मध्ये असा कायदा केला की उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुरास तुरुंगात धाडता येई. हा कायदा १९२५ पर्यंत रद्द झाला नाही. परंतु मराठी कामगारवर्गाच्या इतिहासात याची दुसरी बाजूही नोंदलेली आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि १८९७ च्या आरंभापर्यंत शहरातील जवळपास निम्मे लोक बाहेर पडले. रत्नागिरीचा, साताऱ्याचा गिरणी कामगार बोटीने, गाडीने, पायी आपल्या गावाकडे गेला. त्या वेळी महिना-महिना पगार अडकवून ठेवणाऱ्या गिरणीमालकांना रोजच्या रोज रोख मजुरी मोजावी लागली आणि एका मालकाने दुसऱ्याचे कामगार जादा दराने ओढून नेण्याची वेळ आली. कामगारांचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे याच साथीत, फेब्रुवारी १८९७ मध्ये, मृत्यू पावले. साथ ओसरली, माणसे परतली आणि मालकांनी थकीत मासिक पगाराची पद्धत पुन्हा रुळावर आणली. टंचाईने कामगारांच्या हाती जे क्षणभर आले, ते टिकवून धरील अशी संघटना तेव्हा उभी राहिलेली नव्हती. हा धडा १८९७ इतकाच २०२० लाही लागू आहे.

२०२० मध्ये मालकवर्ग गाड्या रोखून थांबला नाही. रेल्वेने जे साधले नाही ते कायद्याने साधण्याचा प्रयत्न देशभर झाला. उत्तर प्रदेशने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे गुंडाळून ठेवण्याचा वटहुकूम आणला. गुजरातने जादा कामाच्या दुप्पट मोबदल्याशिवाय बारा तासांचा दिवस लादला आणि तो १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. कर्नाटक सरकारने २२ मे रोजी कारखान्यांतील कामाचा दिवस दहा तासांचा व आठवडा साठ तासांचा केला. उच्च न्यायालयात आव्हान मिळाल्यावर ११ जून रोजी त्याला अधिसूचना मागे घ्यावी लागली. पंजाबात भातलावणीच्या तोंडावर बिहारी मजूर नाहीत असे दिसताच स्थानिक शेतमजुरांनी जादा दर मागितला. तेव्हा अनेक गावांत पंचायतींनी ठराव करून मजुरीचा कमाल दर ठरवून टाकला आणि तो मोडणाऱ्यास बहिष्काराची धमकी दिली. खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांनी, बाजार मजुराच्या बाजूला झुकताच, बाजारच बंद केला!

आणि जे कारखाने जोमाने सुरू झाले तेथे काय घडले? बंगळूरजवळच्या नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या मोबाईल कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी कंत्राटी कामगारांचा उद्रेक झाला. थोड्याच महिन्यांत तेथे हजारो नवे कामगार भरले गेले होते, बारा-बारा तासांच्या पाळ्या लावल्या होत्या आणि वेतन मात्र अपुरे व उशिरा मिळत होते. काही कामगारांना योग्य वा वेळेवर वेतन मिळाले नाही, हे कंपनीला जाहीरपणे मान्य करावे लागले. मालाच्या मागणीत कमतरता नव्हती, काम करणाऱ्या हातांतही नव्हती. कमतरता होती ती वेळेवर मिळणाऱ्या वेतनाची.

अर्थव्यवस्थेचे झालेले नुकसान खोटे होते असे कोणी म्हणणार नाही. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कोसळले. पीण्यातील लहान कारखानदाराचे भाडे, वीजबिल आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले, परंतु मोठ्या कंपन्यांकडील त्याची येणी अडकली. सरकारने वीस लाख कोटींच्या गाजावाजात त्याच्यापुढे मुख्यत्वे नवे कर्जच ठेवले. या लहान उद्योजकाचा शत्रू ओडिशाला परतलेला मजूर नाही. मजुराच्या हाती पैसा नाही म्हणून त्याच्या मालाला गिऱ्हाईक नाही, हे त्याला पटवून देणे आपल्या राजकारणाचा भाग आहे.

मजूर गेले कोठे, याचे उत्तर सरकारी आकडेच देतात. सुमारे ६३ लाख लोक ४,६२१ श्रमिक गाड्यांनी परतले. एकंदर एक कोटीहून अधिक स्थलांतरित आपापल्या राज्यांत गेल्याचे सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले आणि त्याच वेळी वाटेत किती मेले याची नोंद आपल्यापाशी नाही, असेही सांगितले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली चिरडले गेलेले सोळा मजूर महाराष्ट्र विसरू शकत नाही. बंगळूरमध्ये गाड्या रोखण्याचे पत्र निघाले त्याला तेव्हा तीनच दिवस झाले होते. गावी पोहोचलेल्यांपैकी कोट्यवधींना मनरेगाने तगविले. २०२०-२१ मध्ये साडेसात कोटी कुटुंबांनी सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम केले, हा त्या योजनेचा उच्चांक होय. २०१८-१९ मध्ये देशातील एकूण श्रमिकांपैकी ४२.५ टक्के शेतीवर होते, ते २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्के झाले आणि २०२३-२४ मध्येही ४६ टक्क्यांच्या वरच राहिले. विकासाच्या मार्गावरील देशात माणसे शेतीकडून उद्योगाकडे जातात. येथे ती उलट दिशेने आली आणि तेथेच थांबली. अर्धपोटी शेतीवर कोट्यवधी माणसे साचलेली असताना शहरातील मालक टंचाईची हाकाटी पिटतो, याचा अर्थ एवढाच की तो देऊ करतो त्या मजुरीत, त्या खोल्यांत, त्या असुरक्षिततेत शहरात राहण्यापेक्षा माणसाला गावची अर्धी भाकरी बरी वाटते. एप्रिल २०२१ मध्ये कर्नाटकात दुसरी टाळेबंदी आली, तेव्हा सरकारने बांधकाम व बहुतेक कारखानदारी चालू ठेवली. मजुराची राहण्याची, आजारपणाची आणि रेशनची सोय मात्र पूर्वीइतकीच तोकडी राहिली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. त्यांच्या पोटात १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा गडप झाला. स्वतःहून परराज्यात गेलेल्या कामगारालाही आता स्थलांतरित म्हटले जाईल, ही सुधारणा आम्ही नाकारत नाही. पण जुना कायदा पाच मजुरांच्या आस्थापनेपासून लागू होत असे, तो आता दहापासून लागू होतो, आणि मासिक वेतनाच्या निम्म्याइतका विस्थापन भत्ता तर पार नाहीसा झाला आहे. कर्नाटकातील भाजप सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये बारा तासांच्या दिवसाला कायद्याने वाट करून दिली. त्यानंतर आलेल्या काँग्रेस सरकारने २०२५ मध्ये दुकाने व आस्थापनांतील कामाचा दिवस वाढविण्याचा प्रस्ताव मांडला. झेंड्याचा रंग बदलला तरी तासांच्या प्रश्नावर मालकांचे ऐकणारा कान तोच आहे.

मनरेगाच्या जागी आलेला कायदा या मालिकेतील सर्वांत घातक दुवा आहे. १०० ऐवजी १२५ दिवसांच्या हमीचा तो डांगोरा पिटतो, परंतु निधीची मर्यादा केंद्राच्या हाती ठेवतो आणि बहुतेक राज्यांच्या माथी खर्चाचा चाळीस टक्के बोजा मारतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या हंगामात शेतमजुराला घासाघीस करण्याची थोडी ताकद येते, नेमक्या त्याच हंगामात सरकारी काम बंद राहील अशी ती साठ दिवसांची तरतूद आहे. महाराष्ट्राला याचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी आणि लाल बावट्याच्या मोर्च्यांनी रोजगार हमी योजनेला जोर दिला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. सरकारी काम मागण्याचा हक्क म्हणजे जमीनदाराच्या बांधावरून उठून जाण्याचा हक्क होय. चिक्कबाणावरची गाडी जशी बंगळूरच्या मजुराला, तशी रोजगार हमी ही गावच्या मजुराला मिळालेली वाट आहे. ५ मे २०२० रोजी एका पत्राने जे केले, तेच डिसेंबर २०२५ मध्ये एका कायद्याने केले.

मालकांच्या या डावपेचात त्यांना एक आयते हत्यार मिळते, ते म्हणजे भाषा आणि प्रांत. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने खासगी उद्योगांत स्थानिकांना आरक्षण देणारे विधेयक पुढे केले आणि उद्योगपतींनी डोळे वटारताच ते बासनात गुंडाळले. परप्रांतीय मजुराला संकटात कोंडून ठेवणारे आणि एरवी त्याला उपरा ठरविणारे राजकारण एकाच वर्गाच्या सोयीचे आहे. मुंबईत १९६० च्या दशकात दाक्षिणात्यांविरुद्ध उठविलेल्या वादळाने अखेर कोणाच्या युनियनी मोडल्या, हे मराठी कॉम्रेडांना ठाऊक आहे. आज बेळगाव, बिदर, बंगळूर, सुरत, इंदूर वा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी भाषक सभासदांना तो अनुभव उपयोगी पडावा. कन्नड, तेलुगू, ओडिया, हिंदी बोलणाऱ्या मजुरांच्या वस्तीत युनियनचे पत्रक त्यांच्या भाषेत पोहोचविणे हे त्यांचे पहिले काम.

यशवंतपूरच्याच परिसराने संघटित शक्ती पाहिलेली आहे. डिसेंबर १९८० ते मार्च १९८१ या काळात बंगळूरच्या सार्वजनिक क्षेत्रातील सुमारे सव्वा लाख कामगारांनी ७७ दिवसांचा संप लढविला. एचएमटी, भारत इलेक्ट्रॉनिक्स, एचएएल, आयटीआय यांच्या दरवाजांवर तेव्हा जी एकजूट उभी राहिली, तिचा पाया कायम नोकरीत होता. आज तो पाया कंत्राटीकरणाने पोखरला आहे. त्यामुळे कायम कामगाराच्या युनियनने कंत्राटी कामगाराला आपल्या सभासदत्वात आणि आपल्या मागणीपत्रात स्थान देणे हा तिच्या स्वतःच्या अस्तित्वाचा प्रश्न बनला आहे. विखुरलेल्या, रोज वेगळ्या मालकाच्या कामावर जाणाऱ्या मजुरालाही नोंदणी, ठरावीक मजुरी आणि भविष्य निर्वाह निधी मिळवून देता येतो, हे महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने सिद्ध केले आहे. तशा मंडळांची मागणी यशवंतपूरच्या बाजार आवारातून आणि पीण्याच्या नाक्यांवरून उठली पाहिजे.

पक्षाच्या शाखांपुढील कामे यातून स्पष्ट होतात. प्रत्येक बांधकामाच्या जागी आणि औद्योगिक वसाहतीत मुख्य मालकाच्या नावावर मजुराची नोंद व्हावी आणि वेतनाची अंतिम जबाबदारी त्याच्यावरच राहावी. मजुरी दर आठवड्यास रोख वा बँकेत जमा व्हावी. पत्र्याच्या खोल्यांच्या जागी कामगार वसतिगृहे बांधली जावीत आणि बांधकाम कामगारांच्या उपकराचा पैसा त्यांच्यावरच खर्च व्हावा. विस्थापन भत्ता पुन्हा मिळावा. कामाचा दिवस आठ तासांचाच राहावा. रोजगार हमीवरील साठ दिवसांची बंदी रद्द व्हावी. ज्या गावातून मजूर निघतो तेथील शेतमजूर युनियन आणि ज्या शहरात तो उतरतो तेथील कामगार युनियन यांनी एकमेकींशी थेट संपर्क ठेवावा, म्हणजे मुकादमाखेरीज दुसरा एक हात त्याच्या खांद्यावर राहील.

संप पुकारल्याविना, नेता नसता, केवळ घराकडे चालू लागून कोट्यवधी मजुरांनी २०२० मध्ये या देशाला दाखवून दिले की त्यांच्यावाचून क्रेन हलत नाही, पोते उचलले जात नाही, भिंत चढत नाही. ही जाणीव मालकांना झाली म्हणूनच त्यांनी गाड्या रोखल्या आणि कायदे बदलले. ती जाणीव स्वतः मजुरालाही व्हावी आणि पुढच्या वेळी त्याची पावले एकेकट्याने गावाकडे न वळता संघटितपणे कारखान्याच्या दरवाजावर थांबावीत, याची तयारी करण्याचे काम आजपासूनचे आहे.